खडेताईंचा होकार

ऑफिसात त्यांना सगळे खडेताई म्हणत. तांदूळ निवडावेत तशा त्या सॉफ्टवेअरमधल्या चुका वेचून काढत, आणि एक खडा दिसला तरी नवी आवृत्ती अडवून धरत. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातली सोळाशे ताईंची," असं प्रोग्रामर वैतागून म्हणायचे. पण ताईंनी एकदा 'हो' म्हटलं की तेच लोक निर्धास्त घरी जायचे. वीस वर्षांत ताईंनी स्वतः न बघता कधी 'हो' म्हटलं नव्हतं. मिरवण्यासारखं दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

काम होतं डायलिसिसच्या रुग्णांना वेळा नेमून देणाऱ्या ॲपचं. पूर्वी नवी आवृत्ती सहा महिन्यांनी यायची, आता दर दोन आठवड्यांनी. ताईंच्या वहीतल्या दोनशे बारा तपासण्या हाताने करायच्या तर चार दिवस मोडायचे. म्हणून मॅनेजरने त्या मशीनकडून आपोआप करून घेणारा एक ऑटोमेशनवाला आणला.

माणूस गोड होता. खुर्ची ओढून शेजारी बसायचा. ताई वही वाचायच्या, तो कोड लिहायचा आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "ही तपासणी कशासाठी, ताई?" ताईंनी हातचं काही राखलं नाही. कोणती नर्स घाईत बटण दोनदा दाबते, हेसुद्धा सांगितलं. दोन महिन्यांत वही मशीनमध्ये उतरली आणि त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली. रोज सकाळी स्क्रीनवरच्या बोर्डावर हिरवा रंग दिसायचा, म्हणजे सगळ्या तपासण्या पास. ताई पहिल्यांदाच नुसता बोर्ड बघून 'हो' म्हणू लागल्या.

मग एका गुरुवारी डायलिसिस केंद्रातून फोन आला. एका रुग्णाने आपली वेळ रद्द केली, तर पुढच्या आजींचीही वेळ उडाली होती. आजी दोन तास बसने आल्या होत्या. त्यांना परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी धाप लागून त्या अतिदक्षता विभागात. जीव वाचला, एवढंच.

ताईंच्या वहीतली सत्तेचाळीस नंबरची तपासणी नेमकी हीच होती. मग बोर्ड हिरवा कसा?

त्यांनी कोडचा इतिहास उघडला. सत्तेचाळीसच्या डोक्यावर तीन आठवड्यांपूर्वी एक ओळ चढली होती: ही वगळा. वगळलेली तपासणी नापास धरली जात नाही, त्यामुळे बोर्ड हिरवाच राहतो. खाली ऑटोमेशनवाल्याचं नाव आणि शेरा: 'कधी पास, कधी नापास. ताईंना विचारून वगळली.'

ताईंना कोणी विचारलं नव्हतं. तरी आधी त्यांनी स्वतःचेच मेल, मेसेज उलटसुलट चाळले. आपणच विसरलो असू, असं वाटलं त्यांना! त्याच्यावर घ्यायच्या आधी स्वतःवर संशय घेतला, याचाच पुढे त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "ताई, तुम्ही परवानगी दिली होतीत?"

ताईंनी ऑटोमेशनवाल्याकडे पाहिलं. त्यानेच खरं सांगावं, म्हणून वेळ दिला.

"मी विचारलं होतं," तो अगदी मायेने म्हणाला. "कामाच्या गडबडीत ताईंच्या लक्षात नसेल."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. "मला कोणी विचारलेलं नाही," ताई म्हणाल्या, पण शेरा लेखी होता आणि ताईंकडे होता फक्त शब्द. मॅनेजरने निकाल दिला: माणसं विसरतात, यापुढे कोणाच्या होकाराची गरज नाही. बोर्ड हिरवा असला की झालं. आणि बोर्ड सांभाळणार ऑटोमेशनवाला.

ॲपमधली चूक घाईघाईने दुरुस्त झाली. वगळायची ओळ मात्र तशीच राहिली, कारण ती काढली की बोर्ड अधूनमधून लाल व्हायचा.

संध्याकाळी तो ताईंच्या टेबलापाशी आला. "मनावर घेऊ नका, ताई. दर वेळी त्या एका तपासणीपायी सगळं अडायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही अडवलंच असतं."

"अडवलंच असतं. माझी वही दे."

"वही कशाला आता? त्यातलं सगळं कोडमध्ये आहे."

"सत्तेचाळीस नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.