विश्वासच्या घरातला वेगळा कप

विश्वास भिंगारदिवे घाबरट आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बाकीचे त्याला भक्तिमान म्हणत. आमच्या सिंगापुरातल्या मराठी उपासनेला पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं यायची. त्यात सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारा, सिनेमा न पाहणारा, ऑफिसच्या पार्टीत संत्र्याचा रससुद्धा हातात धरायला कचरणारा (कुणाला लांबून दारू वाटली तर?) तो हाच. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात सेफ्टी सुपरवायझर होता. दिवसभर इतरांच्या चुका हुडकायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या.

मूळ राहुरीकडचा. नगरच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकला, म्हणून मला अजून बाई म्हणतो. इथे माझ्या मुलाच्या फ्लॅटच्या मजल्यावरच त्याचंही घर. एकदा त्याचं ते कण्हत कण्हत पवित्र राहणं बघून मी चिडले.

"अरे, देवाची कृपा म्हणजे काय इथल्या नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास आहे? दर दोन वर्षांनी रिन्यू करायला?"

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, पास रद्द करायचा तर निदान आधी कळवतात."

मग २००३ साल आलं आणि सार्सची साथ आली. विश्वासची बायको संजीवनी नर्स, मिरजेत शिकलेली, हसरी, तोंडाने फटकळ. तिच्या वॉर्डात सार्सचे पेशंट ठेवू लागले. तिच्याबरोबरची एक नर्स अत्यवस्थ झाली. लिफ्टमध्ये संजीवनी दिसली की लोक पुढच्या लिफ्टची वाट बघत. भीती मलाही वाटायची, पण मी लिफ्टमध्ये शिरायची. एका सकाळी तिला ताप भरला. गाऊन आणि मास्क घातलेली माणसं येऊन तिला अँब्युलन्समधून घेऊन गेली. ती जाताना विश्वास दारात उभा होता, पाठीला भिंत लावून. विश्वास आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी अवनी घरातच बंद. फोनशेजारी कॅमेरा बसवून दिला होता. सरकारी फोन आला की दोघांनी त्याच्यासमोर उभं राहून ताप मोजून दाखवायचा.

मी डबा नेऊन त्यांच्या लोखंडी गेटबाहेर ठेवायची आणि कॉरिडॉरमध्ये चार हात लांब स्टूल टाकून बसायची. सून ओरडायची. ओरडू दे.

पहिल्या दिवशी मी सवयीने म्हणाले, "चल, संजीवनीसाठी प्रार्थना कर. मी इथून आमेन म्हणते."

उपासनेत कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीही अर्धा तास प्रार्थना करणारा हा माणूस गेटपासून मागे सरला. 

"तुम्ही करा, बाई. मी पात्र नाही."

"काय केलंस काय तू?"

उत्तर अवनीने दिलं. ती गेटला नाक लावून उभी होती, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत. "आजी, मम्मीचा कप बाथरूमजवळ ठेवलाय. प्लेट पण. पपा सेपरेट ठेवतो, लाह. मम्मी सिक व्हायच्या आधीपासून."

विश्वासने तिला आत पाठवलं आणि गेटचे गज धरून खाली बसला.

हे वाचणाऱ्याला वाटेल, साथीच्या दिवसांत भांडी वेगळी ठेवली तर त्यात एवढं काय? शहाणपणच की. हॉस्पिटलनं सांगितलं असतं आणि दोघांनी बोलून ठेवली असती, तर मीही शहाणपणच म्हटलं असतं. पण विश्वासच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असायची, बाहेरच्या कट्ट्यावर उपडी घातलेली, प्यायल्यावर स्वतः विसळून ठेवायची. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाला सगळे एकाच प्याल्यातून पितात हे त्यांनी पाहिलं, आणि ते ख्रिस्ती झाले. आमच्या घराघरात ही गोष्ट लहानपणीच सांगतात. आणि त्याच आजोबांच्या नातवाने बायकोला न विचारता, न सांगता, तिचा कप उचलून बाथरूमच्या कट्ट्यावर उपडा घातला होता.

"तिने पाहिलं?"

"पाहिलं. काही बोलली नाही. रोज त्यातच चहा घेतला, विसळला, परत तिथेच ठेवला." तो रडायला लागला. "बाई, इतकी वर्षं जपून वागलो. आणि परीक्षेच्या दिवशी हे. आता देवाने तिला नेलं तर ते माझ्यामुळे."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त.

"म्हणजे इतकी वर्षं तुझ्या जपून वागण्यामुळे ती जिवंत होती? हॉस्पिटलवाले उगाच राबतायत मग."

"थट्टा नका करू."

"थट्टा नाही. तू पात्र नाहीस, मान्य. मीही नाही. पण पात्र म्हणजे भांडंही, शाळेत शिकवलं होतं मी तुला. भांड्यात काही ओतताना त्याची लायकी कोण विचारतं? देणाऱ्याची मर्जी."

"मग कसंही वागलं तरी चालतं? घाणेरडं राहिलं तरी?" सुपरवायझरच तो, लगेच चूक पकडली.

"भांडं विसळतोस ते कशाला? दुसऱ्याला त्यातून प्यायला द्यायचंय म्हणून. तू आयुष्यभर विसळतोच आहेस रे, देणार कधी?"

 गजांमधून त्याची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. मग त्याने प्रार्थना केली. त्याच्या नेहमीच्या भरगच्च प्रार्थनेतलं एकही वाक्य त्यात नव्हतं. "प्रभू, मी भ्यालो. तिला घरी आण." एवढंच. मी आमेन म्हणाले. मला घसा खाकरावा लागला, आणि खाकरल्याबरोबर मीच दचकले. त्या दिवसांत स्वतःचा खोकलाही शत्रू वाटायचा.

पुढचे दिवस वाईट गेले. तिच्याबरोबरची ती नर्स वारली. संजीवनीचा ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. विश्वासच्या घरचा फोन वाजला की मी माझ्या घरात हातातलं काम थांबवायची.

शेवटी निदान झालं ते साध्या तापाचं. सार्स नव्हताच. विश्वासची आणि अवनीची घरबंदीची मुदत संपली, संजीवनीला घरी सोडलं, आणि तिने मलाच आधी हाक मारली, "बाई, चहाला या. घाबरत असाल तर राहू द्या."

गेले. विश्वास ओट्याशी उभा होता, तोंडाला मास्क लावून. भीती कुठे गेलेली नव्हती. उद्यापासून संजीवनी पुन्हा त्याच वॉर्डात जाणार होती. बाथरूमजवळचा कट्टा रिकामा होता. त्याने तिच्या कपात चहा ओतला, तो टेबलावर आणला, आणि तिला देण्याआधी स्वतःच उचलून तोंडाकडे नेला.

संजीवनी त्याच्याकडे बघत होती. सगळं कळलं होतं तिला.

"अहो," ती म्हणाली, "आधी मास्क तरी काढा."

त्याने मास्क काढला. एक घोट घेतला. तोंड भाजलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. मग कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो फिरवला नाही, पुसला नाही. त्याने ओठ लावले होते तिथूनच ती प्यायली.

"साखर विसरलात," ती म्हणाली, आणि कप पुन्हा त्याच्याकडे सरकवला.