येतो म्हना
मेणबत्ती विझल्याचा वास आला की रेवदंड्याच्या खाडीकाठचं आमचं घर आठवतं. स्वातंत्र्याला पाचेक वर्षं झाली असतील. होडीवर निघताना बाबा घाईत "जातो" म्हणाले, तशी आईने त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "जातो न्हाय, येतो म्हना." बाबा हसले, "बरं बाई, येतो." ती होडी परत आलीच नाही. पुढे रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘ख्रिस्त पुन्हा येईल’ म्हणताना आई थांबायची आणि उघड्या दाराकडे बघत राहायची. वाऱ्याने मेणबत्ती विझली तरी दार लावू द्यायची नाही. आता म्हातारपणी त्या शब्दापाशी मीही थांबतो. प्रभू येईल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्याचे पाय खाऱ्या पाण्याने ओले असतात.