आप्पा घारपुऱ्यांना मारण्याचा प्रयत्न

विनायक दाबक्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना निदान पाच हात होते. एका हातात वही, दुसऱ्यात पडद्याची दोरी, तिसऱ्यात एका नटाची मान, चौथ्यात दुसऱ्याची, आणि पाचवा हात विंगेतून बाहेर येऊन थेट माझ्यावर रोखलेला. मी नुकताच बदलून कलकत्त्याला आलो होतो आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणाची ओळख नसल्यामुळे सभ्यपणे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पडदा पडला तसा हा माणूस दोन खुर्च्या आणि एक वयस्कर गृहस्थ आडवे करत माझ्यापर्यंत आला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

"छत्रीच्या वाक्याला सगळं सभागृह हसलं. तुम्ही हसला नाहीत. का?"

"मला खोकला आला होता," मी म्हणालो.

"खोकला पुढच्या वाक्याला काढायचा. तिथे जागा ठेवलेली आहे."

दाबके फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेबखात्यात होते आणि डमडमला राहत. ऑफिसात ते काय करत हे मला कधी कळलं नाही, पण दरवर्षी गणपतीसाठी ते 'घारपुऱ्यांचं बिऱ्हाड' या मालिकेचा एक नवा भाग लिहीत. बदलीवर आलेले आप्पा घारपुरे आणि त्यांना छळणारं हे शहर, एवढंच कथानक. एका वर्षी मोहरीचं तेल, एका वर्षी घरमालकाची गाणारी मुलगी, एका वर्षी हावडा पुलावर हरवलेली छत्री. पण आमची मंडळी वर्षभर त्याची वाट बघत. बराकपूरहून आगगाडीने, पोराबाळांसकट, डबे घेऊन येत.

वाट बघत ती मात्र दाबक्यांची नव्हे. आप्पांचं काम करणाऱ्या मनोहर देवस्थळीची.

मनोहर दातांचा डॉक्टर. त्याचा जन्म इथला, वडिलांचाही इथलाच. मराठी शब्द तो तोंडात गोल फिरवून मग बाहेर सोडायचा. नुसतं "चहा आणा" म्हणाला तरी पुढच्या दोन रांगा खुर्चीवरून घसरत. देवनागरी वाचताना तो अडखळे, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. दाबके विंगेत उभे राहून प्रत्येक वाक्य सांगत, मनोहर ते उचलून लोकांपुढे टाकी आणि हशा घेऊन जाई.

"विचार करा," दाबके मला म्हणत, "तेच वाक्य मी अर्धा सेकंद आधी म्हटलेलं असतं हो! पहिल्या रांगेला ऐकूही जातं. कुणी हसतं? नाही. त्याच्या तोंडातून येईपर्यंत थांबतात!"

बाजारात लोक मनोहरला आप्पा म्हणून हाक मारत. त्याच्याकडे दाढ काढून घ्यायला गेलेली माणसं भूल देण्याआधीच खिदळू लागत. "माझ्या वाक्यांवर त्याचा दवाखाना चालतो," असं दाबक्यांचं निदान होतं. आणि घरात तरी काय? खुद्द त्यांच्या पत्नी कालिंदीवहिनी मनोहर आला की, "आप्पा, तुमच्यासाठी खरवस ठेवलाय हं," म्हणून आत जात. दाबके ओरडत, "आणि आप्पाला जन्म दिला त्याच्यासाठी?"

"तुम्ही दुपारीच संपवलात," आतून उत्तर येई.

मग त्र्याहत्तर साली दाबक्यांची जबलपूरला बदली झाली. गणपतीनंतर निघायचं होतं. मालिकेचं काय करायचं हे ठरवायला मंडळाची बैठक बसली. बायकांचं मत पडलं की आप्पांची पुण्याला बदली व्हावी. नलिनीताईंना तर मंचावर खरोखरची शाल आणि नारळ हवा होता. अध्यक्ष श्यामसुंदर आगाशे म्हणाले की निरोपाचं भाषण आपण स्वतः करू. गावातल्या प्रत्येक मराठी माणसाचा निरोप आणि प्रत्येकाची शोकसभा तेच करत, त्यांना वेगळ्या तयारीची गरज नसे.

तेवढ्यात मनोहर अगदी प्रेमाने म्हणाला, "शेवट करताच कशाला? दाबकेसाहेब, तुम्ही निश्चिंत जा. पुढचे भाग मी लिहीन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाबक्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या देखत त्यांच्या खुर्चीत बसून त्यांचाच चष्मा लावला आहे. परतताना ट्रॅममध्ये ते माझ्या कानाशी लागले.

"मी आप्पाला मारणार."

"अहो, गणपतीत?"

"गणपतीतच! झटका येईल आणि मरेल. बघतो पुढचा भाग कसा लिहितो ते. आणि मला एकदा, एकदा तरी बघायचंय, की तो मंचावर आहे आणि कुणीही हसत नाही."

शेवटचा प्रवेश त्यांनी मनोहरलाही सांगितला नाही. विंगेतून सांगायचंच होतं, त्यामुळे त्याचं काही अडलंही नाही. भाग रंगला. आणि हशा ऐन भरात असताना दाबक्यांनी हुकूम सोडला, "छातीला हात लाव. पड. आता उठायचं नाही." मनोहर गुणी मुलासारखा पडला. डॉक्टर झालेल्या नटाने नाडी बघितली आणि आप्पा गेल्याचं सांगितलं.

सभागृह गार पडलं. नलिनीताईंनी पदर तोंडाला लावला. मी विंगेत होतो. दाबक्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

पण त्या गार शांततेत आगाशे, निव्वळ सवयीने, उठून उभे राहिले. "आप्पांच्या आत्म्यास शांती लाभो," ते गहिवरून म्हणाले. "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." आणि सवयीनेच सगळं सभागृह उभं राहिलं. खुर्च्या वाजल्या. माना खाली गेल्या.

त्या आवाजाने मनोहरने एक डोळा उघडला. सगळे उभे दिसले. तोही उठला, धोतर झटकलं, हात जोडले आणि मान खाली घालून स्वतःच्या शोकसभेत उभा राहिला.

"अरे, तू मेलायस!" विंगेतून दाबके किंचाळले. "आडवा हो!"

"अध्यक्ष उभे आहेत हो, दाबकेसाहेब," मनोहर हळूच म्हणाला. "झोपून कसं राहू?"

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. आगाशे स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून हसत होते. पडदा ओढायचं कुणाला सुचेना.

नंतर लोकांनी दाबक्यांना घेरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"काय शेवट लिहिलात! अध्यक्षांनासुद्धा आधीच सामील करून घेतलंत!"

"अहो, इतकं छान लिहिता येतं तर दरवर्षी का नाही लिहीत?" कालिंदीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

दाबके वहीची पानं उलटू लागले. नाही म्हणावं तर श्रेय मनोहरकडे, हो म्हणावं तर खोटं. तेवढ्यात मनोहर पुढे झाला आणि त्याने सगळ्यांसमोर त्यांना वाकून नमस्कार केला. "सगळं साहेबांचंच. मला पड म्हणाले, पडलो. बाकी माझं काय त्यात?"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मनोहरच्या नम्रतेला.

"पाहिलंत?" दाबके मला कोपऱ्यात ओढून म्हणाले. "चांगुलपणातसुद्धा हाच पुढे!" मग जरा वेळाने, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अध्यक्ष उभे आहेत... हे मला का नाही हो सुचलं?"

महिन्याभरात ते जबलपूरला गेले. पुढच्या गणपतीत मनोहरने स्वतः लिहिलेला भाग झाला, तो पडला. त्यानंतर मंडळ त्या संध्याकाळी पडदा लावून सिनेमा दाखवू लागलं, आणि त्याला गर्दी जास्त होत असे.