गाइडबाईंनी हात वर केला की

चंद्रपूरला आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाघ पाहायचा असतो, त्यामुळे मोहर्लीची एक गाइडबाई माझ्या चांगल्या ओळखीची झाली. जिप्सीत चढेपर्यंत तिच्या कानाला फोन असायचा. सासूच्या गोळ्या, लेकीचा डबा, धान कापायच्या बाया, सगळं त्या फोनवरच चालायचं. बोलताना ती हातातल्या बांगड्या सारख्या मागेपुढे करायची.

फोन बंद करून जंगलात शिरलं की ती मध्येच कुठेतरी हात वर करायची. ड्रायव्हर इंजिन बंद करायचा आणि आम्ही श्वास रोखून, वाघ जवळ असल्याचं सांगणाऱ्या सांबराच्या हाकेची वाट पाहायचो.

एकदा परतल्यावर मी तिला हळूच विचारलं, "आज कोणाचा आवाज आला होता?"

ती ओशाळली. "कोणाचाच नाई, ताई. घरी मले कोणी दोन मिनिटं चूप बसू देत नाई. इथी मी हात वर केला का सगळेच चूप बसतेत. डोकं हलकं होते. कोणाले सांगू नका."

पुढच्या खेपेला तिने हात वर केला, तेव्हा माझी नणंद कुजबुजली, "काही दिसत तर नाही."

मी म्हटलं, "थांब थोडं. बाईंना नीट ऐकू दे."