तिच्या नावाची किल्ली

पोलिसातल्या नोकरीतले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. निवृत्तीनंतरचं हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं.

२०२१ साल. डब्लिनजवळ सिटीवेस्टला लेकीकडे आलो होतो आणि कोरोनामुळे अडकलो होतो. जावई स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनच ऑफिसचं काम करायचे, त्यामुळे खबर आयतीच कानावर आली. त्यांच्या हाताखालची नागपूरची मुलगी फोनच्या स्पीकरवर रडत होती. ऑफिसच्या सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवायच्या जागेतून एका ग्राहकाचं अख्खं फोल्डर पुसलं गेलं होतं आणि नोंदीत वेळ सकाळी अकराची, नाव हिचं होतं.

"दादा, अकरा वाजता मी लसीच्या रांगेत होते हो! नोकरी गेली तर इथे राहायचं परमिटपण जाईल."

"होईल गं ठीक, इट्स ग्रँड," असं इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणून जावयांनी फोन ठेवला.

मी चहा पुढे सरकवला. "ती रांगेत, मग तिच्या नावानं आत गेलं कोण?"

"बाबा, तुम्ही यात नका ना पडू."

उत्तर माहीत नसलेला माणूस वर बघतो. हे कपात बघत होते. मी गप्प बसलो. चौकशीत निम्मं काम गप्प बसण्याचंच असतं. चहावर साय धरली तेव्हा ते बोलले. लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात ही व्यवस्था त्यांनीच उभी केली होती. प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येक गटाला ठरलेली फोल्डर, असा नियम. घाईत पहिलं खातं या मुलीचं उघडलं आणि तिला न सांगता तिचाच पासवर्ड सहा जणांना दिला.

"आपलीच माणसं, नंतर वेगळं करू म्हटलं. राहूनच गेलं."

"साहेबांना सांगितलंत?"

"मीही परमिटवरच आहे, बाबा."

लेक दारात उभी होती. "बाबा, पुरे. हे पोलीस ठाणं नाहीये."

तिचं खरं होतं. तरी मी फोन उचलून जावयांच्या पुढ्यात ठेवला. कबुली घेताना एवढं जड मला कधी गेलं नव्हतं.

त्यांनी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. मुलगी सुटली. जावयांना लेखी ताकीद मिळाली, फायलींची व्यवस्था सांभाळायचं काम काढून घेतलं गेलं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहितो. माझ्या ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली माझ्याच सांगण्यावरून खिळ्याला टांगलेली असे. कोणीही घ्यावी. जप्तीतला माल चोरीला गेला, तेव्हा किल्लीच्या ताब्याच्या वहीत सही एका हवालदाराची होती. तो निलंबित झाला. त्या खिळ्याबद्दल मी वरिष्ठांसमोर अवाक्षर काढलं नाही. जावयांनी दहा मिनिटांत केलं ते मला उभ्या नोकरीत जमलं नाही.