डोहात टाकलेला डबा

आमचे मालक लढाईत जहाजावर होते. पाण्याखालून चालणाऱ्या बोटी मारायच्या, हे त्यांचं काम. पिंपाएवढा बॉम्ब समुद्रात ढकलायचा, तो खोल जाऊन फुटायचा. वर तेल आलं की बोट बुडाली समजायचं. तेलासोबत मेलेले मासे वर यायचे, ते हे लोक जाळीनं काढून खायचे. सांगताना हसायचे. मला ऐकूनच किळस यायची. त्या तेलाखाली माणसं होती ना.

स्वराज्य आलं, ते घरी आले. बोलणंही शहरी झालेलं. शिरपूरकडं तापीकाठी आमचं गाव. उन्हाळ्यात नदी आटायची, एक डोह राहायचा. त्याच्या कडेला वाळूत झिरा उकरायचा, वाटीनं घागर भरायची. अख्खं गाव त्यावर.

त्या वैशाखात पारावर कोणी डिवचलं, "जहाजवाले भाऊ, नुसत्या गप्पा शेतस का? डोहमा टाकी दखाडा एक."

झालं. विहीर फोडायची सुरुंगाची दारू आणली, तेलाच्या डब्यात ठासली, दगड बांधला, तोंडाला डांबर लावून वात काढली.

मी म्हटलं, "पेवानं पानी शे ते."

"एवढा समुद्र नाही बिघडला कधी."

डबा फुटला, माणसं नाचली. चार टोपल्या मासे. मी चिरायला बसले तर एकेकाचा काटा मोडलेला, पोटात नुसता रक्ताचा चिखल. यांनी दोनदा वाढून घेतलं.

पण वर आले ते थोडे. बाकीचे तळाशी बसले. तिसऱ्या दिवशी झिऱ्याला वास सुटला. उकळलं तरी जाईना. माझी दीड वर्षाची पोरगी त्याच पाण्यावर, तिला हगवण लागली. मग दोन कोस चालून दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायचं. मला येताना पाहून तिथल्या बाया म्हणायच्या, "उनी जहाजवालानी. बॉम्ब तुम्हना, पानी आम्हनं."

पोरगी मान टाकायला लागली तेव्हा सासूनं यांच्यापुढं रिकामी टोपली ठेवली. म्हणाली, "उतर."

ते डोहात उतरले. टोपली भरून काढली, सडलेल्या माशांची कातडी हाताला चिकटलेली. काठावर बसून ओकले.

"जहाज पुढं निघून जायचं," म्हणाले. "मागं काय राहतं ते कधी पाहिलंच नाही."

मी टोपली रिकामी करून परत त्यांच्यापुढं ठेवली, डोहाच्या तळाकडं बोट केलं. "आखो खाले शेतस. काढा."

पहिला पूर येऊन डोह धुऊन निघेपर्यंत मी परगावचंच पाणी वाहिलं. पोरगी वाचली.