सनदेआधी वाटूर

मनमाडहून निघालेली गाडी जालन्याच्या फलाटावर थांबली, तेव्हा मी मान खाली घातली. बारा वर्षांपूर्वी इथेच मी तात्पुरत्या परवान्यावर वकिली केली होती. मुंबईचा एम.ए., एलएल.बी. होतो, पण उर्दूच्या परीक्षेवाचून निजामाच्या राज्यात कायमची सनद मिळत नसे. ती परीक्षा न देताच मी पुण्याला परतलो. आता पंचेचाळिशीत उर्दू शिकून हैदराबादला परीक्षेला निघालो होतो. वाटेत परतूरला उतरलो. वाटूरच्या दगडूबांना, माझ्या तेव्हाच्या पक्षकारांना, भेटायचे होते.

बैलगाडी अवकाळी पावसाच्या काळ्या चिखलात रुतली. उरलेले दोन कोस चालत गेलो. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी डोक्यावरून उंच उभी होती. इतके मोठे आभाळ मी विसरूनच गेलो होतो.

दगडूबांच्या सुनेने पाय धुवायला घागरभर पाणी दिले. मग भाकरी आणि अंबाडीची भाजी. पाणी कुठले, असे सहज विचारले. नदीवरचे, ती म्हणाली. मी हातातला घास खाली ठेवला.

बारा वर्षांपूर्वी दगडूबांच्या सामाईक विहिरीच्या दाव्यात कारकुनाने राजीनामा (तडजोडीचा कागद) उर्दूत लिहिला आणि निम्मा हक्क राहतो असे सांगितले. मी न वाचता सही केली. माझी सही पाहून दगडूबांनी अंगठा दिला. कागदात सगळा हक्क सोडलेला होता.

"दगडूबा, मला तेव्हा उर्दू वाचताच येत नव्हते," मी एकदाचे सांगितले.

"ठावं हाय." त्यांनी फडक्यातून त्या कागदाची नक्कल काढली आणि उजवीकडून बोट सरकवत खडाखडा वाचली. मी थक्क झालो. निकालानंतर साठीला टेकलेला हा माणूस दोन पावसाळे मौलवींकडे उर्दू शिकायला बसला होता.

"इतकं शिकले वकीलसायेब, अन् पयलं अक्षर अलिफच राहून गेलं की. आता तुमी वाचा. बोट ठिवून. जल्दी न्हाई."

मी वाचले. ते चुका सुधारत गेले. विहिरीचा हक्क सोडल्याची ओळ मी दोनदा वाचली.

"बराबर," ते म्हणाले. "मंग हेच तवा वाचायचं व्हतं."

माफीचे त्यांनी काही काढले नाही. मीही मागू शकलो नाही.

हैदराबादेत परीक्षकांनी कचेरीतला एक कागद पुढे ठेवला. मी ओळीखाली बोट ठेवले. बोट मुले ठेवतात, ते हसून म्हणाले.

सनद घेऊन परतलो, त्याला वर्ष झाले. आता जालन्यातच वकिली करतो. सहीआधी प्रत्येक कागद पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवतो. बोट अजून उचललेले नाही.